शिंपल्यातली चांदी, सर्व्हरमधली नोंद

पिपरी मेघे हे गाव की शहर? वर्ध्याहून निघालेल्या माणसाला शहराची हद्द कधी संपली हे कळतही नाही, इतकी ही वस्ती शहराला खेटून आहे. जनगणनेने तिला ‘जनगणना शहर’ ठरवले. त्यासाठी तीन कसोट्या असतात. लोकसंख्या किमान ५,००० हवी, कमावत्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत आणि दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसांची दाटी हवी. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. म्हणजे एकच घर एका सरकारी तक्त्यात नागरी आणि दुसऱ्यात ग्रामीण. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर आहेत. पेच पडतो तो दोन्ही तक्ते एकाच नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतायची वेळ आल्यावर. तिथे ‘ग्रामीण’ किंवा ‘नागरी’ यांतले एकच निवडायचे असते. ‘दोन्ही’ हा पर्याय कोणाला सुचलेला नसतो.

नावाचीही तीच तऱ्हा. पिपरी आणि पिंपरी नावाची गावे महाराष्ट्रात पावलोपावली आहेत. म्हणून इथे पुढे ‘मेघे’ लागते, जसे ते शेजारच्या सावंगीला आणि बोरगावलाही लागते. कोणी ते कंसात लिहितो, कोणी कंसाशिवाय. कोणी मधला अनुस्वार देतो, कोणी देत नाही. पोस्टमनला यातले काहीही चालते. संगणकाला ही चार वेगळी गावे वाटतात. म्हणूनच २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे.

आता अशा गावातल्या एखाद्या कार्यालयात नवी प्रणाली बसवली जात आहे असे समजू. जुन्या संगणकातली माहिती नव्या सर्व्हरवर चढवली आणि पडद्यावर लाल ओळ आली. बाहेरच्या रांगेला उत्तर मिळते, ‘लिंक नाही जी, उद्या या.’ या ‘लिंक नाही’च्या पोटात कितीतरी निरनिराळे बिघाड असतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसकडे त्यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा क्रमांक आहे. २००२ आला तर सर्व्हरपर्यंत पोचताच आले नाही. १०४५ आला तर पोचलो, पण पासवर्ड किंवा परवानगी जुळली नाही. ११४६ सांगतो की आत शिरलो, पण मागितलेला तक्ताच तिथे नाही. १०६२ सांगतो की ज्या रकान्यात प्रत्येक किंमत एकदाच यायला हवी, तिथे तीच पुन्हा आली. १४५२ आला की समजायचे, कुटुंबाची नोंद होण्याआधीच त्यातल्या सदस्याची नोंद घालायला निघालो.

या पाचांपैकी बहुतेक वेळा यंत्रात मोडलेले काहीच नसते. सॉफ्टवेअर त्याला सांगितले तेच करत असते, जुनी माहिती होती तशीच असते. तरीही काम अडते आणि सगळे म्हणतात, चूक आहे. मग ही चूक राहते कुठे? वस्तूत, पाहणाऱ्यात की दोघांच्या मधल्या जागेत? हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे. भारतीय दर्शनांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आणि त्या वादाला ख्यातिवाद असे नाव पडले.

वादाचे उदाहरण ठरलेले असे. उन्हात पडलेला शिंपला चकाकतो आणि वाटसरूला तिथे चांदी दिसते. तो वाकतो, उचलतो आणि शिंपला हाती लागतो. मग आधी जे दिसले ते काय होते? मीमांसक प्रभाकराचे उत्तर सगळ्यांत चमत्कारिक आहे. त्याच्या मते खोटे ज्ञान असे काही झालेच नाही. ‘हे’ काहीतरी समोर आहे, हे प्रत्यक्ष होते आणि ते खरे होते. ‘चांदी’ ही आठवण होती आणि तीही खरी होती. वाटसरूला फक्त या दोहोंतला फरक जाणवला नाही. या मताला अख्याती म्हणतात. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, हे मानत नाहीत. त्यांच्या मते समोरची वस्तू खरोखरच वेगळ्या रूपाने दिसली. चांदी खोटी नाही, ती बाजारात सराफाच्या दुकानात आहे, ती इथे जोडली गेली एवढीच चूक. ही अन्यथाख्याती. अद्वैती म्हणतात, ती चांदी सत् म्हणावी तर हात लावताच नाहीशी होते, असत् म्हणावी तर दिसलीच नसती. म्हणून ती अनिर्वचनीय. योगाचार बौद्धांच्या मते ती मनातलीच होती, बाहेर भासली.

हा वाद नुसता पांडित्याचा वाटत असेल तर वर्धा जिल्ह्यातच त्याचे ठळक उदाहरण घडून गेले आहे. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्यास आलेले गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शहरापासून काही मैलांवरच्या शेगाव या खेड्यात गेले. तेव्हापासून देशभरातली पत्रे आणि तारा शेगावच्या पत्त्यावर निघू लागल्या. पण शेगाव नावाचे दुसरे गाव बुलढाणा जिल्ह्यात होते आणि ते गजानन महाराजांच्या समाधीमुळे आणि रेल्वेस्थानकामुळे कितीतरी अधिक परिचयाचे होते. गांधीजींची डाक तिकडे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावचे नाव सेवाग्राम करण्यात आले.

टपालाची छाननी करणाऱ्या कारकुनाने यात काय चूक केली होती? पत्ता त्याने अचूक वाचला. शेगाव नावाचे गाव खरोखर आहे, याचेही ज्ञान त्याला होते. नैयायिकाच्या सराफाच्या दुकानातल्या चांदीसारखे ते गाव दुसरीकडे खरेच होते. फक्त या पाकिटाला ते जोडले गेले. नैयायिकाचे मत इथे चपखल बसते, कारण चूक पत्त्यातही नाही आणि वाचनातही नाही, ती जोडणीत आहे. उपायही तसाच निघाला. देशभरच्या कारकुनांना सावध राहायला सांगण्याऐवजी दोन गोष्टींचे एकच नाव असण्याची अडचण मुळातूनच काढली. डेटाबेसची रचना करणारा आज तेच करतो. तो नावाखाली एक अद्वितीय क्रमांक ठेवतो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर १०६२ म्हणून काम थांबवतो. लाल ओळ इथे बिघाडाची खूण नसते. डाक बुलढाण्याला जाण्याआधी कोणीतरी हात धरल्याची ती खूण असते.

प्रभाकराचे उत्तरही तितकेच उपयोगी आहे, पण वेगळ्या जागी. सर्व्हर बदलला, जुनी जोडणी मात्र कोणत्या तरी फाइलमध्ये लिहिलेली राहिली, आणि प्रणाली जुन्याच पत्त्यावर माहिती शोधत राहिली. किंवा एकदा वाचलेले पान संगणकाने वेगासाठी जवळ साठवून ठेवले आणि मूळ नोंद बदलल्यावरही तेच दाखवत राहिला. प्रत्येक तुकडा आपल्यापुरता खरा आहे. साठवलेली नोंद खरी होती, काल. आत्ताची नोंदही खरी आहे. आठवणीला प्रत्यक्ष मानले गेले, एवढेच झाले. दुरुस्ती करणारा जाणता माणूस आधी विचारतो की पडद्यावर जे दिसते आहे ते आत्ता वाचलेले आहे की साठवलेले. हा प्रभाकराचाच प्रश्न आहे.

मराठी अक्षरांच्या बाबतीत अन्यथाख्यातीचे रूप डोळ्यांना दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी राखलेली जागा भारतीय मानक ‘इस्की’च्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. नवी प्रणाली बसवताना डेटाबेसला कोणी सांगितले नाही की या बाइटा यूटीएफ-८ म्हणून वाचायच्या, तर तो त्या युरोपीय अक्षरे म्हणून एकेक वाचतो आणि एका ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. बाइटा शाबूत असतात, वाचन चुकलेले असते. योग्य पद्धत सांगितली की नावे परत येतात. पण युरोपीय अक्षरांपुरत्या ‘लॅटिन-१’ पद्धतीचा रकाना ठेवून त्यात मराठी नावे कोंबली आणि डेटाबेसने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून ठेवले, तर मात्र परतीचा मार्ग नाही. पहिल्या प्रकारात शिंपला हातात आहे, तो नीट पाहायचा एवढेच काम उरते. दुसऱ्यात शिंपलाच समुद्रात फेकून दिला गेला आहे.

याहून सूक्ष्म प्रकार ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडे’ अशा नावांत आहे. या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये दोन मार्ग आहेत. एकात वेगळ्या ‘ऱ’ला हलन्त जोडतात, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि पाठोपाठ एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही नावे हुबेहूब एकच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न आहेत. एका तक्त्यात पहिले आणि दुसऱ्यात दुसरे रूप असेल, तर प्रणाली शांतपणे सांगते की असा माणूस नाही. इथे डोळ्यांचे प्रत्यक्षही कामाला येत नाही, कारण फरक दिसण्यापलीकडचा आहे. चिन्हांचे क्रमांक उघडून पाहिले तरच तो सापडतो.

मग न सापडलेल्या माहितीचे काय? १९७० मध्ये एडगर कॉड या गणितज्ञाने तक्त्यांच्या आधाराने माहिती मांडायची कल्पना प्रसिद्ध केली, तीच आजच्या बहुतेक डेटाबेसच्या मुळाशी आहे. रिकाम्या जागेसाठी या पद्धतीत ‘नल’ आले. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी जागाही नव्हे. ‘याबद्दल आत्ता काही म्हणता येत नाही’ असे ते विधान आहे. त्यामुळे एका नलची दुसऱ्या नलशी तुलना केली तर उत्तर ‘समान’ येत नाही आणि ‘असमान’ही येत नाही; ते ‘अज्ञात’ येते. खरे आणि खोटे यांच्या जोडीला तिसरे मूल्य मानणारे हे तर्कशास्त्र भारतीय वाचकाला नवे वाटू नये. जैनांच्या स्याद्वादातल्या सप्तभंगीत अस्ति आणि नास्ति यांच्या सोबत अवक्तव्य आहे. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ मध्ये कोलकात्याच्या ‘सांख्य’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला, तो याच आकर्षणातून. पण ही समांतरता फार ताणू नये. जैनांचे अवक्तव्य वस्तूच्या अनेकपणातून येते. डेटाबेसचे नल बहुतेक वेळा फॉर्म भरणाऱ्याने रकाना सोडल्यामुळे येते. नव्या प्रणालीत जुनी माहिती चढवताना रिकाम्या जन्मतारखेच्या जागी कोणीतरी १ जानेवारी घालतो, म्हणजे काम पुढे सरकेल. त्या क्षणी ‘माहीत नाही’ याचे ‘माहीत आहे’ होते, आणि पुढे कोणालाही तो फरक ओळखता येत नाही.

चूक शोधण्याची रीतही दर्शनांनी बारकाईने तपासली आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांची यादी आहे; तिच्यात संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क आहेत. सर्व्हर दुरुस्त करणारे घाईत या मधल्या पायऱ्या गाळतात. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला आणि काम चालू झाले, मग निष्कर्ष निघतो की सुरू करणे हाच उपाय. नैयायिक इथे उपाधी, म्हणजे नियमामागे लपलेली अट, शोधायला सांगेल. अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही. लाकूड ओले असावे लागते, आणि तो ओलेपणा लक्षात न घेता बांधलेला नियम फसतो. मायएसक्यूएलमध्ये एका वेळी जोडता येणाऱ्या ग्राहकांची मर्यादा कोणी बदलली नसेल तर १५१ असते. नव्या सॉफ्टवेअरने जोडण्या उघडल्या आणि बंद केल्याच नाहीत, तर काही तासांत ती मर्यादा भरते. सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळ्या जोडण्या तुटतात आणि जागा मोकळी होते. उद्या ती पुन्हा भरते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, ती असताना काय होते आणि नसताना काय होते हे ताडणे, याला आपल्याकडे अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. पासवर्ड, पोर्ट आणि फायरवॉल तिन्ही एकदम बदलणाऱ्याचे काम कधी कधी होतेही, पण ते कशाने झाले हे त्याला कळत नाही.

ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात अज्ञान नावाच्या वस्तूचा पाठलाग केला आणि ती कुठेच सापडत नाही असे दाखवले. त्यांचा विषय अर्थातच वेगळा होता. तरी कारण सापडल्यावर तंत्रज्ञाला येणारा अनुभव त्याच्या जवळचा आहे. एक जुना पत्ता, एक न दिसणारे चिन्ह, एक भरलेली मर्यादा, प्रत्येक गोष्ट आपल्या नियमाने वागत असते आणि ‘चूक’ म्हणून वेगळे काढून दाखवावे असे काहीच हाती उरत नाही.

इथपर्यंतचा प्रश्न तंत्रज्ञाचा. रांगेतल्या माणसाचा प्रश्न याहून टोकदार आहे. पडद्यावर ‘नोंद नाही’ आले, तर ते खरे मानायचे का, आणि खोटे आहे हे सिद्ध कोणी करायचे?

या प्रश्नावर भारतीय परंपरेत दोन छावण्या होत्या, आणि महाराष्ट्रातील पंडितांनी दोन्हींसाठी मोठे कोश रचले. न्यायशास्त्रासाठी भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आहे, मीमांसेसाठी वाईच्या केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा ‘मीमांसाकोश’. मीमांसकांचे म्हणणे, ज्ञान स्वतःच प्रमाण असते; हे स्वतःप्रामाण्य. ते बाधित करणारे काही पुढे आले तरच अप्रमाण ठरते. नैयायिकांचे म्हणणे, प्रामाण्य बाहेरून यावे लागते; हे परतःप्रामाण्य. पाणी दिसले हे ज्ञान खरे की नाही, हे तहान भागल्यावर ठरते. मीमांसकांनी यावर अनवस्थेचा आक्षेप घेतला. एका ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला लागला, तर दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल आणि हे थांबणार कुठे? नैयायिकांनी उत्तर दिले की संशय आला तरच तपासायचे, उगाच नाही.

मीमांसक कुमारिल भट्टाला हे स्वतःप्रामाण्य वेदांसाठी हवे होते. वेद अपौरुषेय, त्यांना कर्ताच नाही. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोष नाहीत. माणसाच्या बोलण्यात चार दोष येऊ शकतात असे परंपरेने मानले आहे. भ्रम होतो, बेसावधपणा होतो, फसवण्याची इच्छा असते आणि इंद्रिये अपुरी पडतात. वेदाला बोलणाराच नसल्याने हे चारही तिथे लागू नाहीत.

खिडकीमागून ‘सिस्टिमच तसं दाखवते’ हे वाक्य येते, तेव्हा नकळत हाच दावा केला जातो. जणू पडद्यावरचे शब्द कोणी लिहिलेलेच नाहीत. पण तक्ता कोणीतरी आखला, पर्याय कोणीतरी गाळले, जन्मतारीख कोणीतरी अंदाजाने भरली. चारही दोष तिथे पुरेपूर आहेत. डेटाबेस पौरुषेय आहे, आणि तरीही त्याला अपौरुषेयाचा मान मिळतो. एकविसाव्या शतकातल्या बऱ्याच अन्यायांचे मूळ इथे आहे.

ब्रिटनमध्ये हे प्रत्यक्ष घडले. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली शाखांमध्ये बसवली. शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि ती भरून देण्याची जबाबदारी शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांवर आली. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसांना चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबासाठी दोषी ठरवले गेले. सरे परगण्यात शाखा चालवणाऱ्या भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष होते असा निकाल दिला, एप्रिल २०२१ मध्ये मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून इतर शेकडो शिक्षा पुसल्या. यामागे कायद्याची एक कलाटणी होती. संगणकाचा पुरावा देणाऱ्याने संगणक नीट चालत होता हे दाखवावे, अशी तरतूद इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यात होती. १९९९ च्या कायद्याने ती काढली. त्यानंतर संगणक नीट चालतो असे गृहीत धरायचे आणि नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे, असा नियम उरला. हे स्वतःप्रामाण्य होते. शाखा चालवणाऱ्याला प्रणालीच्या आतल्या नोंदी दिसतच नसतील, तर तो बाधक पुरावा आणणार कुठून?

भारताने वेगळी वाट धरली, आणि तिचा महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा, पण अधिकारी त्यासोबतचे प्रमाणपत्र देईनात. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून देताना पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मागणाऱ्याने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तरच सूट. त्या प्रमाणपत्रात संगणक त्या काळात नीट चालत होता हे कोणीतरी सही करून सांगावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने तज्ज्ञाचीही सही जोडली. हे परतःप्रामाण्य आहे, आणि मीमांसकांचा अनवस्थेचा आक्षेप इथेही जिवंत आहे. सही करणाऱ्याने संगणक खरेच तपासला का, याचे प्रमाणपत्र कोण देणार?

न्यायालयापर्यंत जाणारे थोडेच असतात. बाकीच्यांचे काय होते, हे महाराष्ट्राच्या २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत दिसले. ३४,०२२ कोटींची योजना जाहीर झाली, अर्ज ऑनलाइन मागवले गेले आणि दिवाळीत प्रमाणपत्रे वाटायला सुरुवातही झाली. मग बँकांनी दिलेली माहिती आणि शेतकऱ्यांचे अर्ज जुळेनात. एकाच आधार क्रमांकावर अनेक कर्जदार निघाले. डेटाबेसच्या भाषेत हा साधा १०६२ होता. वर्ध्यासारख्या कापसाच्या जिल्ह्यात तो ज्याच्या वाट्याला आला, त्याच्यासाठी तो बँकेच्या पायरीवरचा महिना होता.

त्याच वर्षी त्याच सरकारने दुसरीकडे चांगली रीत वापरली. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांत फरक होते, क्षेत्र चुकले होते, नावे सुटली होती. ते दुरुस्त करण्यासाठी खास मोड्यूल तयार झाले, पण त्याआधी उन्हाळ्यात चावडी वाचन झाले. पटवाऱ्याने गावासमोर नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि ज्याचे चुकले असेल त्याने तिथेच उठून सांगायचे. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. चावडी वाचनाने बाधक ज्ञानाला मुद्दाम बोलावणे धाडले. धुऱ्याचा वाद, भावाभावांतली वाटणी, मेलेल्या आजोबांचे नाव, हे तज्ज्ञाच्या चाचणीत सापडणारे दोष नाहीत. डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी म्हटले होते की चाचणीने दोष आहेत हे दाखवता येते, नाहीत हे नाही. उरलेले दोष ज्याची जमीन आहे त्यालाच माहीत असतात.

दुरुस्ती झाल्यावर जुन्या चुकीचे काय करायचे, यावरही दोन मते आहेत. अद्वैत्याच्या मते शिंपला ओळखल्यावर चांदी तिन्ही काळांत नव्हतीच. डेटाबेसमध्ये अर्धवट अडलेला व्यवहार मागे घेतला जातो, तेव्हा तक्त्यात त्याची खूणही राहत नाही. जणू तो झालाच नव्हता. सातबारा याच्या उलट वागतो. कमी केलेले नाव पूर्वी कंसात जात असे आणि फेरफाराची नोंद कायम राहत असे, म्हणजे नाव का गेले हे तीस वर्षांनीही विचारता येते. खुद्द डेटाबेसच्या आतही या दुसऱ्या रीतीची गरज भासली. भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ सी. मोहन आणि आयबीएममधले त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात व्यवहार मागे घेतानाही मागे घेतल्याची नोंद लॉगमध्ये लिहिली जाते, कारण मधेच वीज गेली तर आपण कुठवर मागे आलो होतो हे यंत्राला कळले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्याला ते अद्वैत दिसते, आत पटवाऱ्याची वही असते.

रोजच्या कामात यंत्राचे म्हणणे मीमांसकाप्रमाणे मानून चालायला हरकत नाही. प्रत्येक पावतीला दाखला मागितला तर घरपट्टीची रांग हलणार नाही. पण ज्या नोंदीमुळे कोणाचे रेशन, जमीन, कर्जमाफी किंवा स्वातंत्र्य जाणार असेल, तिथे नैयायिकाचा नियम लागायला हवा: प्रामाण्य बाहेरून आणा, आणि ते आणण्याची जबाबदारी प्रणाली बसवणाऱ्यावर ठेवा. याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. नवी प्रणाली बसल्यावर काही महिने जुनी वही सोबत चालू ठेवायची. जुळल्या नाहीत त्या नोंदींची यादी गुपचूप गाळायची नाही, छापून लावायची. १ जानेवारीच्या सगळ्या जन्मतारखा वेगळ्या काढायच्या. ‘नोंद नाही’ म्हणणाऱ्या पडद्याखाली ते म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लिहायचे.

पिपरी मेघेसारख्या ठिकाणी यासाठी नवी यंत्रणाही लागत नाही, कारण ग्रामसभा आहे. ती सहसा प्रजासत्ताकदिनी, महाराष्ट्रदिनी, स्वातंत्र्यदिनी आणि गांधीजयंतीला भरते. आधार आणि फोन क्रमांक वगळून, नव्या प्रणालीत चढवलेली नावे आणि मिळकती तिथे वाचता येतील. अडचण आहे ती गणसंख्येची. शहराला चिकटलेल्या गावात घरे वाढली, भाडेकरू आले, आणि सभेला येणारे तेच ते राहिले. सगळ्या नोंदी एका सकाळी वाचून होणार नाहीत. वॉर्डावार वाचायच्या तर कर्मचारी लागतील आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना बसवावे लागेल. सॉफ्टवेअरच्या निविदेत सर्व्हर, परवाने आणि प्रशिक्षण यांचे दर असतात. या वाचनाचाही दर तिथेच मागवला, तर ते निदान कंत्राटाचा भाग तरी होईल.